पायलीभर दुखणं

साल दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा पंच्याहत्तर. दाखल्यावर काय लिहिलंय ते ठाऊक नाही, कारण दाखला घेण्याइतका मी शाळेत टिकलोच नाही. पण निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होतो असं आई सांगायची, आणि आई दाखल्यापेक्षा खरी.

त्या साली बाजाराच्या दिवशी सकाळी माझा उजवा खांदा निखळला. आता खांदा कुणाचाही निखळतो, त्यात लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. ईट गावाच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत निखळलेला खांदा बसवायचा म्हटलं की लोक माझ्या दारात यायचे. खांदा, कोपर, घोटा, मनगट. पन्नास वर्षं. हातात कधी दमडी घेतली नाही, वडिलांनी घेतली नाही म्हणून. नाव मात्र घेतलं. ते भरपूर घेतलं. आणि अशा माणसाचाच खांदा उतरला. पोहणाऱ्यानंच बुडावं तशी गत.

पण खांद्याचं पुढं. आधी ती बाई सांगितली पाहिजे.

भूमच्या सरकारी दवाखान्यात, अपघाताचे लोक आणतात त्या खोलीत ती डॉक्टर होती. तामलवाडीकडची, शेतकऱ्याची लेक. उंचीनं ठेंगणी, आवाजानं नाही. पायात गड्याच्या कातडी चपला. खुर्चीवर बसलेली तिला कुणी पाहिली नाही. दुधाचं रिकामं कॅन उपडं घालून त्यावर बसायची आणि एका हातात भाकरीचा रोल धरून दुसऱ्या हातानं कागद लिहायची. आता तिची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात असते. तिचं खरं नाव निम्म्या तालुक्याला ठाऊक नव्हतं. सगळे म्हणायचे साबुदाणाबाई.

हे नाव का पडलं ते सांगतो. तिच्याकडं आतलं दाखवायचं मशीन होतं, सोनोग्राफीचं. आम्हाला वाटायचं, ते मशीन काळोख्या खोलीत असतं आणि तिथं नंबर लावून जायचं असतं. हिचं मशीन चाकावर. माणूस खाटेवर पडला की ही मशीन ढकलत त्याच्यापाशी. मोटारसायकलवरून पडलेला असो का दम लागलेला असो, एक हात नाडीवर आणि एक हात मशीनवर. मशीनला तिनं एका म्हातारीकडून गोधडी शिवून घेतली होती. घरी जाताना पांघरूण घालायची आणि म्हणायची, "धुळीनं खोकला हुतो त्याला."

तर ते मशीन कातडीवर फिरवायला बुळबुळीत काहीतरी लागतं. त्याच्या बाटल्या यायच्या, पण बाई दिवसातनं इतक्यांदा मशीन फिरवायची की बाटल्या पुऱ्या पडेनात. मग तिनं घरी साबुदाणा शिजवला. पार खळ होईस्तोवर. फडक्यातनं गाळला, गार केला आणि पिळायच्या बाटलीत भरून आणला. लई झकास चालला. सुई टोचायच्या वेळी मात्र ती खळ बंद; तिथं पाकिटातलंच निर्मळ औषध, त्यात तिचा नियम सोवळ्याहून कडक. नुसतं बघायचं असलं की साबुदाणा.

एकादशीला एका म्हातारीनं पोटावर खळ लावून घेताना विचारलं, "बाई, ह्यानं उपास मोडत न्हाय न्हवं?"

"न्हाय मोडत आजी. चाटलं तरी न्हाय मोडत."

एकदा एक धनगर शेळी घेऊन दवाखान्याच्या फाटकात उभा राहिला. शेळीला किती पिल्लं हायत ते बघा म्हणाला. दुसऱ्या डॉक्टरनं हाकलून दिलं असतं. हिनं वायर लांबवली, मशीन व्हरांड्यात आणलं, शेळीच्या पोटाचे केस कातरले आणि बघून सांगितलं, "दोन." शेळीनं दिली तीन. बाई आठवडाभर बेजार. भेटेल त्याला सांगायची, "तिसरं पाठीमागं लपलं हुतं वो. मला दिसायला पायजे हुतं." माणसाच्या बाबतीत चुकल्यागत तोंड करून फिरत होती.

आणि तिची मापं. दुखण्याला दहापैकी किती मार्क, असं विचारायला डॉक्टरांना शिकवतात म्हणे. आमच्या माणसांनी मार्क कधी बघितलेत? कुणी भिऊन 'धा' म्हणायचा, कुणी 'तुमीच टाका' म्हणायचा. मग बाईनं आजीची जुनी मापं आणून खिडकीत ओळीनं मांडली. चिपटं, मापटं, शेर, अधुली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधुली, दोन अधुल्यांची पायली. माणूस खाटेवर घेतला की पहिला सवाल, "किती दुखतंय? बोट दावा." ज्यानं आयुष्यभर मापावर ढीग चढवून, शीग लावून ज्वारी मापली त्याला हे सांगायला लागत नाही. बोट बरोबर मापावर जायचं. बाई त्यावर औषध ठरवायची.

कुणी नातेवाईक कडेला उभा राहून रोग्याला "सोस जरा" म्हणाला की बाईचं टाळकं फिरायचं. "सोसणं ह्यो काय गुण न्हाय, सवय हाय," म्हणायची. "बाहेर जाऊन तुमी सोसा."

हे वाक्य मला कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा मला ते माझ्यावरच मारल्यागत वाटलं. कारण माझी रीत उलटी होती.

माझ्याकडं खुंटीवर एक पंचा असायचा. हाड बसवायच्या आधी त्याचा पीळ करून माणसाच्या तोंडात द्यायचा. म्हणायचं, "चाव ह्याला. वरडायचं न्हाय. वरडलास तर हाड रुसतं." वडील असंच म्हणायचे. मग टाच बगलेत आणि दोन्ही हातांनी हात ओढायचा. खट्ट झालं की झालं. त्या पंच्याला गावोगावच्या माणसांच्या दातांची भोकं होती. त्या भोकांचाही मला गर्वच वाटायचा, खोटं कशाला सांगू.

बाईची आणि माझी गाठ पडली ती भांडणानंच. खांदा निखळायच्या दोन वर्षं आधी शेजारच्या गावची सगुणा मनगट मोडून माझ्याकडं आली. मी बांबूच्या कामट्या लावून बांधलं. जरा गच्च बांधलं. दुसऱ्या दिवशी तिची बोटं निळी पडली. ती भूमला गेली, बाईनं सोडवलं, बोटं वाचली. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात स्कूटी थांबली. बाई उतरली, माझ्याच कामट्या माझ्या उंबऱ्यावर ठेवल्या.

"आबा, तुमच्या हायत ह्या. परत आणल्या."

मी एक कामटी उचलून उलटसुलट बघितली.

"तासल्यात लई छान. एक टोक सुदिक टोचत न्हाय. पण बांधल्यावर बोटं बघायची असत्यात. चार तास हुशीर झाला असता तर सगुणाताईचा पंजा गेला असता."

"माज्या हाताला डोळे हायत," मी म्हणालो.

"असतील. त्ये मिटलेले हुते त्या दिवशी." आणि बायकोनं पुढं केलेला चहा पिऊन गेली. घोटभर नव्हे, पुरा कप.

मी दोन वर्षं तिचं नाव घेतलं नाही. भूमच्या बाजाराला गेलो तर दवाखान्याच्या रस्त्यानं जायचो नाही, वळसा घालायचो.

तर आता खांदा.

म्हैस पाण्याला नेत होतो. दावं मनगटाला गुंडाळलेलं. लोकांना मी पन्नास वर्षं सांगत आलो की दावं हाताला गुंडाळू नका, जनावर उधळलं तर खांदा जातो. टेंपोवाल्यानं कानाशी भोंगा वाजवला, म्हैस उधळली आणि माझा खांदा गेला.

घरी आलो. दाव्याचं एक टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं मनगटाला, आणि सगळा भार टाकून मागं रेललो. वाटलं, लिंब ओढंल. तीनदा रेललो. डोळ्यांपुढं काजवे चमकले, खांदा जागचा हलेना. बायको भांडी घासता घासता उठून आली.

"ह्ये काय? लिंबाला म्हैस बांधायची का तुमी?"

"गप बस."

"गपच हाय. तुमचं थोबाड बगा, पांडरंफट पडलंय. चला भूमला."

"त्या बाईकडं? मेलो तरी न्हाय."

"मेल्यावर तर तिच्याकडंच नेत्यात, कागूद तीच लिवती. जित्तं हाय तवर चला."

पुतण्यानं जीप काढली. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव डोळ्यांत यायचा. पण मी हूं की चूं केलं नाही. आणि दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा कळलं की खरी परीक्षा पुढंच आहे. बाजाराचा दिवस. बाहेरच्या बाकावर ओळीनं माणसं, आणि त्यातली निम्मी माझ्या पंच्यावर दात मारून गेलेली. एकाचा घोटा, एकाचं कोपर. कडेला सगुणा, सासूचा खोकला दाखवायला आलेली. सगळ्यांनी माझा लोंबता हात बघितला. सगळे सावरून बसले. तमाशाचा पडदा वर जायच्या आधी बसतात तसे.

मी मनात धरलं, जीव गेला तरी ओरडायचं नाही. आज ओरडलो तर पन्नास वर्षांचं नाव त्या बाकाखाली जाईल.

बाईनं बघितलं, ओळखलं. मागचं काही काढलं नाही. "या आबा, बसा. किती दुखतंय?"

खिडकीतली मापं ऊन खात होती. दार उघडं होतं. बाक कान देऊन होता.

"मापटं," मी म्हणालो.

बाई माझ्या कपाळावरच्या घामाकडं बघत राहिली. "मापटं. बरं." कागदावर लिहिलं. मग म्हणाली, "आता एक करू. आधी तुमी सांगा खांदा कुटं गेलाय. मग मशीन सांगंल."

हे मला अपेक्षित नव्हतं. डाव्या हाताची बोटं मी उजव्या खांद्यावर फिरवली. वर खळगा लागला, पुढं गोळा. "फुडं उतरलाय. जरा खाली. मोडलेलं काय लागत न्हाय."

तिनं साबुदाणा लावला. गार. मशीनचा दांडा पाठीमागून ठेवला आणि पडदा माझ्याकडं वळवला. "ही वाटी. रिकामी. आन ह्यो गोळा, फुडं. मोडलेलं दिसत न्हाय, तरी फोटो काढूच." मग मदतीला उभ्या असलेल्या ब्रदरकडं बघून म्हणाली, "आबा मशीनच्या आधी बोलले. लिवून ठेवा."

पन्नास वर्षं जी वाटी मी बोटानं चाचपली ती मी पहिल्यांदा बघितली. लहानगी, काळोखी, कडेला पांढरी रेघ. मी बघतच राहिलो.

"आता सुई," बाई म्हणाली. "फऱ्याच्या वर, पाठीमागनं. तिथनं खांद्याची शीर जाती. तिच्याभवती औषध सोडलं की खांदा झोपतो. मग अलगद बसवू."

"सुई नको. वढा."

"का?"

"म्या सगळ्यांचं बिनसुईचं वढलंय. मलाच का सुई?"

"तुमच्यापाशी नव्हती म्हणून वढलंत. माझ्यापाशी हाय."

"नको म्हंजे नको. वढा."

माझ्या मनात काय होतं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. न दुखवता खांदा बसत असेल, तर ज्या शेकडो माणसांना मी पंचा चावायला लावला त्यांचं काय? मी सुई घेतली की तो सगळा हिशोब अंगावर येणार होता. मी हात छातीशी धरून, बैलानं बसकण मारावी तसा खाटेवर बसून राहिलो. बायकोनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दारातनं सगुणा आत आली. बिनबोलावता.

"आबा, घ्या सुई."

"तू गप गं."

"मला कुनी इचारलं न्हवतं, सुई पायजे का म्हनून. तुमाला इचारत्यात तर घ्या की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी तिला सोडली नसती. भाजी घ्या म्हणावं तसं म्हणाली आणि जाऊन पुन्हा सासूपाशी बसली. मी पाठ वळवून बाईपुढं केली.

सुई मुंगी चावल्यागत. बाईनं ती आधीच सांगून ठेवली होती, "काळी न्हाय, तांबडी मुंगी." आणि तांबडीच निघाली. पडद्यावर सुईची पांढरी काडी सरकत गेली, शिरेच्या कडेला थांबली, आणि औषध असं पसरलं, जसं बारं फोडल्यावर पाणी वाफ्यात शिरतं. बाई म्हणाली, "आंधळी सुई मी घालत न्हाय." मग पेन काढून माझ्या पाठीवर वेळ लिहिली, अकरा दहा, आणि कॅनवर बसून भाकरी-ठेचा खाऊ लागली.

दहा मिनिटं गेली. आणि काय सांगू, आतून गाठ सुटायला लागली. सकाळपासून दातावर दात धरला होता तो निघाला. मला इतकं बरं वाटलं की आनंदात भान राहिलं नाही. बाईनं विचारलं, "आता किती?"

"अधुली!" मी खुशीत सांगितलं.

बाईचा घास हातात राहिला. "अधुली? मगाशी मापटं हुतं. चौपट झालं?"

माझ्या ध्यानात आलं, पण उशिरा.

बाई उठली. भाकरी ठेवली, हात धुतले, मशीन पुन्हा पुढं ओढलं. माझी नाडी धरली, बोटं दाबून बघितली, डोळ्यांत बघितलं, "दम लागतोय का? जिभेला मुंग्या येत्यात का? कानात घुमतंय का?" मी नाही नाही म्हणतोय. ती ऐकेना. तिच्या तोंडावरची सगळी थट्टा गेली होती. शेळीच्या तिसऱ्या पिल्लाच्या वेळी असंच तोंड झालं असेल. ब्रदरला म्हणाली, "सुईनंतर दुखणं वाढलंय. काहीतरी माझ्याकडनं सुटलंय. ॲम्ब्युलन्सला फोन लावा. आबाला सोलापूरला न्यायचंय."

ब्रदरनं फोन उचलला. बायको रडायला लागली. बाकावरचे लोक उठून दारात आले.

इतक्या वर्षांत मी वाघाला भ्यालो नाही, तहसीलदाराला भ्यालो नाही. आता जे खरं बोलायचं होतं त्या चार शब्दांना भ्यालो. पण ती पोर, माझ्या नातीच्या वयाची, माझ्या खोट्या मापामुळं स्वतःला दोष देत होती. सोलापूरला गेलो असतो तरी चाललं असतं. ते मात्र चालेना.

"बाई, फोन ठिवा," मी म्हणालो. "मगाशी मापटं न्हवतं."

"मग किती हुतं?"

दारात सगुणा, तिच्यामागं घोटा, त्याच्यामागं कोपर.

"पायली हुती." आणि आता खरं बोलायला लागलोच होतो तर पुरंच बोललो. "शीग लावून."

बायको डोळे पुसत म्हणाली, "पन्नास वर्सांत पयल्यांदा खरं माप निघालं तोंडातनं." आणि बाकावर जो हशा फुटला तो बाजारापर्यंत गेला असेल. कोपरवाला तर खोकून खोकून लाल झाला. सगुणा पदर तोंडाला लावून म्हणाली, "आबा, आता वरडू नगा बरं का. हाड रुसतं."

मलाही हसू आलं. खांदा हलला, दुखला, तरी हसू थांबेना.

एकटी बाई हसली नाही. ती कॅनवर मटकन बसली. "आबा," म्हणाली, "तुमच्या मापावर मी औषध मोजती. खोटं माप दिलं तर माझं मशीन आंधळं." मग घटकाभरानं तिलाही फुटलं, आणि ती हसायला लागली की बाकीच्यांचं ऐकू येत नाही.

आणखी दहा मिनिटांनी बोट चिपट्यावर आलं. बाईनं माझं कोपर अंगाशी धरलं आणि हात बाहेरच्या अंगाला वळवत नेला. सावकाश, दार उघडताना बिजागरी करकरू नये तसा. ओढलं नाही. टाच नाही, झटका नाही. मी वाट बघत होतो की आता ओढेल, आता ओढेल. आणि आतल्या आत, खट्टसुद्धा नाही, गोळा वाटीत जाऊन बसला. मला आधी कळलं. "बसला," मी म्हणालो. बाईनं मशीन लावून पडदा माझ्याकडं केला. वाटी भरली होती.

"पुन्यांदा मशीनच्या आधी," ती म्हणाली. दुपारी फोटो काढला, मोडलेलं काही नव्हतं. हात झोळीत घातला, तीन आठवडे. जाताना म्हणाली, "आबा, लोक तुमच्याकडं येणारच. बोटानं बघा, मला फोन करा. वढू नका. आन गच्च बांधू नका."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. जीपमध्ये बसताना सगुणा फाटकापाशी दिसली. तिला मी विचारलं, दोन वर्षांनी का होईना, "तुजं किती हुतं गं त्या दिवशी?"

तिनं थोडा विचार केला. "तवा मापं कुटं हुती आबा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिस उगवायच्या आत मी उठलो. बायको गोठ्यात होती. डाव्या हातानं चूल पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं आणि डब्यातला साबुदाणा अंदाजानं टाकला. अंदाज चुकला, मूठ जास्त पडली. ढवळत बसलो. बायको धार काढून आली आणि चरवी हातातच धरून उभी राहिली.

"लगीन झाल्यापास्नं चुलीपाशी आला न्हाईसा. आज काय उपास का काय?"

"गप बस. गाळायला फडकं दे."

"फडकी सगळी वल्ली हायत."

मग मी खुंटीवरचा पंचा काढला. रांजणातल्या पाण्यात दोनदा पिळला, एक टोक दातात धरलं, एक डाव्या हातात. एकेरी गाळायला गेलो तर दातांच्या भोकांतनं गुठळ्या खाली पडायला लागल्या. म्हणून घडी दुहेरी केली, सगळं पुन्हा गाळलं, बाटलीत भरलं आणि भूमला जाणारी सहाची यष्टी धरायला निघालो.